अठरा नंबरचं स्टूल

“बसा की त्यावर! स्वतःच्या हातानं केलंय ना, मग टेकायला घाबरता कशाला?”

रंधासरांचा हा आवाज एकतीस वर्षं माझ्या कानात मुक्कामाला आहे. शाळेच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली सुतारकामाचा वर्ग भरायचा. लाकूड चिकटवायचा सरस शिजायचा, भुसा उडायचा, आणि आम्ही सरांच्या पाठीमागे गाणं म्हणायचो,

सर सर चाले सरांचा रंधा,
सुटला सांधा, झाला वांधा!

सर ऐकायचे आणि ऐकलं नाही असं दाखवायचे. माणूस आडव्या अंगाचा, कपाटासारखा. वर्षाअखेरीस प्रत्येकानं एक स्टूल करायचं, आणि त्याची परीक्षा म्हणजे सर स्वतः त्यावर बसणार. स्टूल टिकलं तर त्याच्या पोटाखाली तापलेल्या सळईनं तुमचा हजेरीनंबर डागायचे. त्याआधी स्टूल कुणाचंच नसायचं. सगळी एका मापाची, एका लाकडाची, भिंतीकडेला रांगेत उभी.

दादा माझ्याहून एका वर्षानं मोठा. आदल्या वर्षी नापास झाला आणि माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर येऊन बसला. तो सतरा नंबर, मी अठरा. गणिताच्या तासाला त्याला घाम फुटायचा. पण हातात लाकूड दिलं की हाच मुलगा देवघरात बसल्यासारखा गप्प. आडव्या दांड्याचं टोक तो केसभर तासायचा, पायाच्या खाचेत घालून बघायचा, काढायचा, पुन्हा केसभर तासायचा. शेवटी ते टोक असं आत जायचं, की नव्या चपलेसारखं करकरायचं.

“लाकूड ऐकतं गं चिमणे,” तो म्हणायचा, “आपण त्याच्यावर खेकसलो नाही तर.”

मी खेकसले. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझी पटाशी घसरली आणि खाच बोटभर रुंद झाली. नवा पाय करायचा म्हणजे दोन दिवस. मी इकडेतिकडे पाहिलं, सरसात भुसा कालवला आणि खाचेत ठासून भरला. वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. कुठे खाच संपते आणि कुठे भुसा लागतो ते माझं मलाही कळेना. आपण फार हुशार आहोत असं मला त्या संध्याकाळी वाटलं, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी सर रांगेनं बसत आले. शेवटची दोन स्टुलं उरली, एक दादाचं, एक माझं. सर माझ्या स्टुलावर बसले. कट्ट असा आवाज झाला, आणि तेवढा मोठा माणूस सिमेंटच्या जमिनीवर कमरेवर आदळला.

“कुणाचं हे?” जमिनीवरूनच त्यांनी विचारलं.

सगळ्या वर्गानं दादाकडे पाहिलं. नापास झालेला तोच होता, खिडकीतून उडी मारून पळणाराही तोच. दुसऱ्या कुणाचं असणार?

आणि मीही दादाकडे पाहिलं.

एवढंच केलं मी. खोटं बोलले नाही, बोट दाखवलं नाही. फक्त मान वळवली. दादा माझ्याकडे बघत राहिला. आता हा बोलणार, मला वाटलं. तो वाकला आणि मोडलेले तुकडे एकेक करून गोळा करू लागला. सगळ्यांनी तोच कबुलीजबाब धरला.

सरांचं कमरेचं हाड मोडलं. पुढच्या आठवड्यात बदली शिक्षक उरलेल्या स्टुलावर बसले, त्यानं हूं की चूं केलं नाही. त्यांनी त्याच्या पोटाखाली अठरा डागला. ते स्टूल शाळांच्या प्रदर्शनात गेलं, परीक्षकांनी उलटंपालटं करून पाहिलं, “या मुलीच्या हाताला सांधा कळतो,” असं लिहून दिलं. त्या एका ओळीवर पुढे मला डिझाइनच्या कॉलेजात जागा मिळाली. दादाला सुतारवर्गाचं दार बंद झालं. वर्षभरानं त्यानं शाळेचंही स्वतःच लावून घेतलं. घासून घासून धार लावलेली त्याची पटाशी बाबांनी माळ्यावर टाकली. त्यानं ती कधी मागितली नाही. मी कधी काढून दिली नाही.

आता मी खुर्च्यांची डिझाइनं करते. माझ्या खुर्च्यांचे सांधे उघडे असतात. कुठे काय शिरलंय, कशानं काय धरलंय, सगळं डोळ्यांना दिसतं. लोक विचारतात, असं का? “लपवाछपवी मला जमत नाही,” मी सांगते, आणि ते वाक्य माझ्या फोटोखाली छापून येतं. खरं तर उघड्या सांध्यात भुसा भरता येत नाही, एवढंच त्याचं कारण.

दादा टेम्पो चालवतो. माझा सगळा माल तोच पोचवतो. “खुर्च्या तुझ्या, खड्डे माझे,” म्हणून हसतो.

यंदा माझ्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. दारातच पहिली वस्तू म्हणून शाळेतलं ते स्टूल ठेवायचं ठरलं. ते आणायला दादाच गेला. गोधडीत गुंडाळून, लेकरू आणावं तसं त्यानं ते आत आणलं आणि चौथऱ्यावर ठेवलं. मग त्याचा अंगठा आपोआप दांड्याखाली गेला, सांध्यावरून फिरला.

“डुलत नाही बघ अजून,” तो म्हणाला.

“दादा…”

“काय गं?”

“काही नाही. चहा घेणार का?”

“घेतो की. साखर जास्त सांग. डॉक्टरला सांगू नको.”

प्रदर्शन सांभाळणारी मुलगी पाटी लिहून घेऊन आली. ‘पहिलं काम. वय चौदा.’ “ताई, बरोबर आहे ना? चिकटवू?” मी म्हटलं, थांब जरा. तिनं घड्याळाकडे पाहिलं. उद्घाटनाला अर्धा तास होता.

तेवढ्यात रंधासर आले. कपाट आता वाळलं होतं, हातात काठी, एक पाय ओढत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दादानं वाकून नमस्कार केला. सरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

“याला अजून सामान उचलायलाच ठेवलंयस होय?” त्यांनी मला विचारलं. “बघून घेत जा हो, कुठे काय मोडेल याच्या हातून.”

“मी चहाचं बघतो,” दादा म्हणाला आणि दाराकडे वळला. त्याचा कान लाल झाला होता. पंधरा वर्षांच्या मुलाचा व्हायचा तसा, वरच्या टोकाला.

सर स्टुलापाशी गेले. मुलीनं घाईनं हाताची खुर्ची पुढे केली, “सर, इथे बसा, त्याला पाठ नाही.”

“छे छे!” सर म्हणाले. “पडल्यापासून स्टुलावर बसलो नाही मी, पोरी. घरातसुद्धा नाही. भीती बसलीय. पण हिच्या हातचं आहे हे. हे खाली उतरव, यावर मी डोळे झाकून बसेन.”

दादानं मागे फिरून स्टूल खाली उतरवलं. सरांनी काठी भिंतीला टेकवली आणि सगळं वजन हळूहळू, विश्वासानं, दादाच्या सांध्यांवर सोडलं. स्टूल करकरलंसुद्धा नाही. सरांनी खरंच डोळे मिटले होते.

दादानं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं त्यानं. मान हलवली, अगदी थोडी. राहू दे, चिमणे.

मुलीच्या हातातली पाटी मी काढून घेतली.

“सर, तुम्ही बसलात ते दादाचं आहे. तुम्ही पडलात ते माझं होतं. माझी खाच मोठी झाली होती, मी तिच्यात भुसा भरला. आणि तुम्ही विचारलंत ना, कुणाचं हे, तेव्हा मी याच्याकडे पाहिलं.”