भूमेश्वरीचे चार गडी

टेकचंदला बायकोचा हेवा वाटत होता. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा, गोष्टच त्याची आहे. हेवा तिच्या गोऱ्या रंगाचा नव्हता, तिच्या माहेरच्या ओलिताच्या जमिनीचाही नव्हता. तिच्याजवळ चार गडी होते, त्यांचा होता. आणि ते चारही गडी राहत होते कॉम्प्युटरच्या आत.

साल दोन हजार दहा. आमगावला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेकचंदचं सायबर कॅफेचं दुकान होतं. आत पाच कॉम्प्युटर. सकाळी लोक निकाल बघायला, फॉर्म भरायला यायचे आणि दुपार कलली की कॉलेजची पोरं गेम खेळायला. गेमचं इंग्रजी नाव कोणालाच धड म्हणता येत नव्हतं. त्यात सात किल्ले होते, म्हणून सगळे त्याला 'किल्ले' म्हणत. इथून आपण खेळतो, तिकडून रायपूरचा, नागपूरचा कोणी खेळतो, सगळे एकाच जंगलात. आपला एक गडी घ्यायचा, राक्षस मारायचे, आणि मारत जाल तसा गडी लेव्हल चढत जातो. टेकचंदचा परशूवाला गडी दोन वर्षं घासून घासून एकाहत्तर लेव्हलला पोचला होता. गोंदिया जिल्ह्यात त्याच्या वर कोणी नाही, असं पोरं म्हणायची. जिल्हा कोणी मोजला होता? पण टेकचंदने कधी नाही म्हटलं नाही.

पोरं त्याला 'उस्ताद' म्हणत. हा शब्द त्याला जेवणाहून जास्त लागायचा, आणि त्याला कारणही होतं. घरी त्याला विचारतो कोण? धान कधी कापायचं, धानाची कोणती बांधी, म्हणजे कोणता वाफा, आधी रोवायची, हे त्याचे वडील मनोहरलाल धाकट्या मुलाला विचारत. मोठा बसला आहे समोर, पण नजर त्याच्यावरून सरकून धाकट्यावर जायची. दुकानात मात्र खुर्ची सरकवायची झाली तरी पोरं त्याला विचारून सरकवत. तेवढी एक जागा होती त्याची या जगात.

वैशाखात त्याचं लग्न झालं. भूमेश्वरी चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या गावची, बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. दुपारी हा घरी जेवून वामकुक्षी करायचा, तेवढा वेळ ती दुकान सांभाळायची. किल्ले तिला शिकवले कोणी? यानेच! मोठ्या हौसेने शेजारी बसवून शिकवले. तिने दोन दिवस मुकाट पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, एकच गडी कायले वाढवता, बाकीचे काऊन नाही? टेकचंदने सांगितलं की बाई, मी तीन बनवले होते, बाराव्या लेव्हलला पडून आहेत. एकेकाला पहिल्यापासून वर न्यायचं म्हणजे दरवेळी दोन वर्षं. ती म्हणाली, मग सगळ्यांना संगंच न्या ना. तो खो खो हसला. तेव्हा हसला, पुढे ते हसू त्याला फार महाग पडलं.

तिने चार गडी बनवले. एक ढालवाला, एक वैद्य, दोन धनुष्यवाले. दुपारी रिकाम्या पडलेल्या चार कॉम्प्युटरवर एकेक बसवला. मधल्या प्लायवुडच्या आडोशांमुळे चारही पडदे एकदम दिसत नव्हते, तर एके दिवशी टेकचंद जेवून येतो तो काय, आडोसे काढून भिंतीला टेकवून ठेवलेले. चार कीबोर्ड एका टेबलावर ओळीने, आणि ही बया मधोमध स्टुलावर. त्याने बरीच आदळआपट केली. पण पोरांना ते मोकळं दुकान आवडलं, आणि आडोसे भिंतीलाच राहिले.

तिचं काम बघण्यासारखं होतं, हे मी टेकचंदचं मन राखायला लपवणार नाही. ढालवाल्याने जंगलात फेरी मारून पंधरा-वीस राक्षस मागे लावून घ्यायचे आणि एका खडकाच्या कोपऱ्यात आणून कोंडायचे. वैद्याने त्याची जखम भरत राहायची, धनुष्यवाल्यांनी मागून मारायचं. चौघं जवळजवळ उभे असले की मारलेल्याचं फळ चौघांत वाटलं जातं. कुठलीही कामगिरी घ्यायची ती चौघांनी एकदमच घ्यायची, म्हणजे राक्षस मरतो एक आणि तो लागू होतो चौघांना. एखादा मागे पडला की बाकीच्यांना थांबवायचं, त्याला बरोबरीला आणायचं, मगच पुढचं जंगल. पोरांमधला लोकेश, बी.एस्सी.ला होता, वहीत सगळं उतरवून घ्यायचा. त्याने विचारलं, भाभी, हे कुठे शिकलात? ती म्हणाली, रोवण्यात. माहेरी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायला बारा बाया ओळीने उभ्या राहत. जिचा हात चालत नाही तिला मधात घ्यायचं, दोन्हीकडच्यांनी तिची पात सांभाळायची, आणि साऱ्यांनी संगंच मागे सरायचं. एखादी एकटीच भराभरा मागं गेली, तर ओळ वाकडी होते आणि बांधी काही तिच्यानं लवकर संपत नाही.

टेकचंद काउंटरवर बसून हे ऐकत होता. एकटीच भराभरा जाणारी म्हणजे आपणच, असं त्याने लगेच अंगाला लावून घेतलं.

पोळ्याला तिचे चौघं चाळीसला होते, दिवाळीला साठला. याने दोन वर्षांत एक नेला, हिने सहा महिन्यांत चार. रात्री पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात तेच फिरायचं. तिला चांगलं म्हणावं असं त्याला एकदाही वाटलं नाही. वाटायचं ते एवढंच, की हिच्या हातून एखादी मोठी चूक व्हावी. स्वतःचीच लाज वाटायची, पण पोटात दुखायचं थांबत नव्हतं. कधी व्हायरस आला म्हणून दोन मशीन बंद ठेव, कधी गिऱ्हाईक येणार आहे म्हणून उठव, असले पोरकट धंदेही केले त्याने. ती उठायची आणि गिऱ्हाईक गेलं की परत बसायची. एका सकाळी लाइट येताच, गिऱ्हाईक यायच्या आधी, शटर अर्धं ओढून, त्याने आपल्या बाराव्या लेव्हलच्या तिघांना तिच्यासारखं चालवून पाहिलं. परशूवाला पुढे धावला, तिघं मागे जंगलात राहिले आणि मेले. पुन्हा केलं, पुन्हा मेले. कोणासाठी थांबणं हे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

मग एक दिवस लोकेशने आवाज दिला, "उस्ताद, इकडे पाहा ना जरा." टेकचंद लगबगीने उठला. पाहतो तर लोकेशचं तोंड भूमेश्वरीकडे. पोराने मुद्दाम केलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. टेकचंद परत बसला आणि टेबलावरची पावतीबुकं सरळ करू लागला. ती सरळच होती.

डिसेंबरात सातवा किल्ला उघडला. आत पाच गडी लागत, पाचही निदान सत्तरचे. जे जिंकतील त्यांची नावं गेमच्या पहिल्या पानावर झळकणार, सगळ्यात वर म्होरक्याचं. तिचे चौघं नुकतेच सत्तरला पोचले होते. साऱ्या पोरांसमोर ती म्हणाली, "पाचवे तुमी चाला ना जी. तुमच्याबिगर नाही होत."

खरं सांगतो, ती मनापासून म्हणाली होती. तिच्या चौघांत जोराचा घाव घालणारा कोणी नव्हता आणि याच्यासारखा परशू कोणाचा नव्हता. पण हेव्याने डोळे भरलेल्या माणसाला भाकरी वाढली तरी भीक वाटते. म्होरकी ती, आणि आपण पाचवे! पोरं बघत होती, म्हणून तो हो म्हणाला.

रविवारी दीडची वेळ तिनेच ठरवली. लोडशेडिंग सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर, मधला वेळ निर्धास्त. इन्व्हर्टरची बॅटरी दिवाळीपासून मेलेली होती, त्यामुळे हा हिशेब साऱ्या दुकानाला पाठ होता. दहा-बारा पोरं जमली. टेकचंद काउंटरजवळच्या पाचव्या कॉम्प्युटरवर, त्याच्या डोक्यावर मेन स्विच. भूमेश्वरी स्टुलावर, दोन हात चार कीबोर्डांवर फिरताहेत.

पाऊण तास झुंज चालली. शेवटचा राक्षस निम्म्यावर आला, मग पावावर. टेकचंद सवयीप्रमाणे पुढे घुसला आणि सगळी रांग मोडली. वैद्य एकाला वाचवू लागला तर दुसरा मरू घातला.

"तुमी मागं सरा जी," ती मान न वळवता म्हणाली. "थोडं थांबा. मी सांगतो तवा या."

तो सरला. दुसरं काय करणार? तिने पुन्हा ओळ लावली, पुन्हा राक्षस कोपऱ्यात घेतला. मग म्हणाली, आता या. तो गेला, त्याचा घाव बसला, राक्षसाचं रक्त बोटभर उरलं. टेकचंदने वर पाहिलं. दहा-बारा पोरं श्वास रोखून उभी होती, आणि सगळीच्या सगळी तिच्या मागे. त्याच्या मागे भिंत होती. त्याच्या अंगाचा भडका उडाला आणि हात वर गेला.

खटकन आवाज झाला. पाचही पडदे काळे पडले. पंखा गरगरत थांबला.

"लाइट गेली," टेकचंद म्हणाला.

मशिनी बंद पडल्या तशी रस्त्यापलीकडून हिरालालच्या धानगिरणीची धडधड ऐकू येऊ लागली. हंगामाचे दिवस, गिरणी सकाळपासून चालूच होती, पण कॉम्प्युटरांच्या घरघरीत तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. गिरणीला आणि दुकानाला वायर एकाच खांबावरून आलेली. लोकेशने दाराबाहेर पाहिलं, मग मेन स्विचकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिला. आता खरंच लाइट जावी, साऱ्या आमगावची जावी, असं टेकचंदला वाटलं. गिरणी काही थांबेना.

भूमेश्वरी उठली. "फ्यूज उडाला असंल," ती पोरांना म्हणाली. "पाच-पाच मशिनी मीनंच संगं चालवल्या." ती काउंटरमागे आली, नवऱ्याच्या डोक्यावरून हात नेऊन तिने स्विच वर केला, आणि त्याच्याकडे न बघता परत गेली.

कॉम्प्युटर सुरू झाले. कनेक्शन तुटलेला गडी त्या गेममध्ये जागच्या जागी उभा राहतो आणि मार खातो. पाचही मेले होते. सातव्या किल्ल्यात मेलेला गडी दहा लेव्हल खाली येतो. तिचे चौघं साठवर आले आणि टेकचंदचा परशूवाला एकसष्टवर. आपलाही गडी आत आहे, हे स्विच पाडताना त्याच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

पोरं एकेक करून निघून गेली. फ्यूजची गोष्ट त्यांनी मान्य केली ती तिच्या शब्दाला मान देऊन, हे टेकचंदला कळत होतं. त्या दिवशी घरी तिने नेहमीसारखं वाढलं, भात हवा का विचारलं. ती भांडेल म्हणून त्याने उत्तरं जुळवून ठेवली होती. दुकान माझं आहे, मशिनी माझ्या आहेत, गेम मी शिकवला आहे. एकही उत्तर वापरायला मिळालं नाही.

सोमवारपासून ती काउंटरवर बसू लागली. लोकांचे फॉर्म भरायची, निकाल काढून द्यायची. स्टूल कोपऱ्यात गेलं. लोकेशने दोनदा विचारलं, तिने नको म्हटलं, मग लोकेशही येईनासा झाला. टेकचंदचा गडी महिन्याभरात सहासष्टवर चढला. पुन्हा दुकानात त्याच्याहून वर कोणी उरलं नाही. हेच तर हवं होतं ना? मागे वळून पाहावं तर खुर्च्या रिकाम्या. आणि हेवा गेला म्हणाल तर तोही नाही. आपण ज्याच्यासाठी एवढे जळलो ते हिने एका दिवसात सोडून कसं दिलं, याचाच आता त्याला हेवा वाटू लागला.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी तो न झोपताच परत आला. त्याने स्वतःच्या हाताने चारही कॉम्प्युटर लावले, तिचे चौघं जंगलातल्या खडकापाशी आणून उभे केले, कीबोर्ड ओळीने मांडले, स्टूल पुसून मधे ठेवलं. ती एका म्हाताऱ्याचा फॉर्म भरत होती.

"ये, बस," तो म्हणाला. "म्होरकी तूच. मी मागं राहतो, तू सांगशील तसं."

एवढं बोलायला त्याला किती लागलं ते त्याचं त्याला माहीत. तिने म्हाताऱ्याचं नाव पूर्ण लिहिलं, गाव लिहिलं, मग मान वर केली.

"नाही जी."

"काऊन?"

ती म्हाताऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "लोडशेडिंगचा टाइम मालूम राहते. तुमचा कसा मालूम करू?"

आणि तिने म्हाताऱ्याला जन्मतारीख विचारली.