निखारे फुलेपर्यंत

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. मित्रांनो, घरातली थोरली मुलगी लग्न होऊन सासरी गेली, त्या वर्षापासूनची गोष्ट मी तुम्हाला सांगते. त्याच वर्षी आमच्या बाई अक्षरं शिकल्या. तेव्हा त्यांच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं आणि माझ्या लाकडी मुठीवरचा रंगही उडून गेला होता.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. लोखंड वितळवून साच्यात ओतलं, अंगाला हवेसाठी भोकं ठेवली, वर झाकण आणि कडी बसवली. तिथून मी थेट या दुकानात आले. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एकच खोली. एक लांब टेबल, त्यावर जुनं कांबळं, माझ्यासाठी एक वीट, आणि भिंतीला खुंट्या.

दुकानात तिघं राबत. मालक कपडे आणायचे, पोचवायचे. त्यांची थोरली बहीण, अक्का, इस्त्री करायच्या. मालकांची बायको, म्हणजे बाई, घड्या घालायच्या आणि गर्दी असली की मला हातात घ्यायच्या. अक्कांना तरुणपणापासून कमी दिसायचं. पण त्यांचा डावा तळहात माझ्या पुढे पुढे कापडावरून फिरायचा आणि सुरकुती कुठे आहे ते मला सांगायचा. पंचवीस वर्षांत अक्कांनी एक धागा जाळला नव्हता.

अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. प्रत्येक गठ्ठ्याला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली असे. मुलगी सासरी गेल्यावर बाई गप्प गप्प झाल्या, तेव्हा अक्कांनी एक चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

"हे काय लिहिलंय, सांग बघू."

"मला काय कळतंय, वन्सं? मुंग्या चालल्यात ओळीनं."

"मग आज चार मुंग्या ओळखायच्या. उद्या चार."

वर्षभरात बाई सगळ्या चिठ्ठ्या वाचू लागल्या. मग त्यांना नवाच नाद लागला. एखादा सदरा हातात आला की म्हणायच्या, "वन्सं, याची कॉलर एकाच बाजूनं झिजलीय. हा माणूस सारखा मान वळवून कुणाची तरी वाट बघतो."

"कुणाची?" अक्का विचारायच्या.

"ते उद्या सांगते."

असं करत करत बाईंनी एक वही केली. मित्रांनो, मोठे लेखक कुठे बसून लिहितात ते मला माहीत नाही. आमच्या बाई माझ्याशेजारी बसून लिहायच्या. सकाळी माझ्या पोटात कोळसे भरायचे, पुठ्ठ्यानं वारा घालायचा आणि निखारे फुलेपर्यंत लिहायचं. तेवढ्यात एक पान व्हायचं. मग माझ्या तळाला ओलं बोट लावायचं. चर्र झालं की पेन्सिल खाली. वाक्य अर्धं असलं तरी अर्धंच सोडायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही. हा नियम त्यांचा त्यांनीच घातला होता. नंतर घड्या घालता घालता अक्कांना ते पान वाचून दाखवायचं. अक्का इस्त्री करत ऐकायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "मग?"

मालकांना हे पटत नव्हतं. एकदा दोन गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या बाईंकडून उलटसुलट झाल्या. मालक फार बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी म्हणाले, "लिही, माझं काही म्हणणं नाही. पण पुन्हा एक कपडा इकडचा तिकडे झाला, तर ही वही मी या इस्त्रीत घालीन."

त्यानंतर आठवड्यानं ते घडलं.

डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा फिकट पिवळा रेशमी झगा आला होता. रेशीम संध्याकाळी करायचं, निखारे मंदावले की. अक्कांची एक बाही झाली, त्या पाणी प्यायला आत गेल्या आणि माझी मूठ बाईंच्या हातात देऊन गेल्या. सकाळचं अर्धं वाक्य दिवसभर बाईंच्या डोक्यात घुमत होतं. नेमकं तेव्हाच ते पुरं झालं. विसरून जाईल या भीतीनं त्यांनी मला खाली ठेवलं आणि वही ओढली. मला विटेवर ठेवायला हवं होतं. त्यांनी मला त्या झालेल्या बाहीवर ठेवलं.

मी ओरडू शकत नव्हते. मी तापलेली होते आणि मला तेवढंच येतं. सहा शब्द लिहून होईपर्यंत रेशमावर माझ्या टोकाचा तपकिरी डाग उमटला.

बाईंनी मला उचललं. डागाकडे पाहिलं. वहीकडे पाहिलं. मग त्यांनी जळलेली बाही मुडपून खाली सरकवली. अक्का परत आल्या आणि राहिलेला झगा पुरा करू लागल्या. कोळशाच्या धुरात जळल्याचा वास वेगळा कळला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई झगा घेऊन आल्या. "कुणी केला हा?"

"मी," अक्का म्हणाल्या.

"अहो, यांना दिसत नाही आणि तुम्ही यांच्या हातात रेशीम देता?" डॉक्टरीणबाई मालकांवर कडाडल्या.

अक्कांनी झगा हातात घेतला. डागावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "माझाच हात चुकला असेल हो. कळलंच नाही मला."

बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या हातात घडीचा टॉवेल होता. त्यांनी त्याची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. 

त्या दिवसापासून अक्कांना स्टुलावर बसवून घड्यांचं काम दिलं आणि मी बाईंच्या हाती आले. डाग मी पाडला आणि बढतीही माझ्या नव्या धनिणीला मिळाली. अक्कांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. साध्या पंच्याची घडी घालूनही विचारायच्या, "नीट झाली का गं? बघ एकदा."

एका सकाळी बाईंनी गोष्टीच्या पानाच्या खालच्या अर्ध्यात सगळं खरं लिहिलं. पण अक्कांना त्यांनी वरचं अर्धंच वाचून दाखवलं. अक्का घडी थांबवून म्हणाल्या, "आज एवढंच? निखारे तर रोजच्याएवढेच फुललेत. राहिलेलं अर्धं पान वाच की."

बाईंनी पान डोळ्यांसमोर धरलं. त्यावर लिहिलं होतं, "डाग मी पाडला, वन्सं." आणि त्या वाचू लागल्या एका बाईची गोष्ट, जी रोज स्टेशनवर जाऊन भलत्याच माणसाचं सामान उचलून घरी आणते. त्यातलं एक अक्षरही त्या पानावर नव्हतं. त्या थांबल्या नाहीत, अडखळल्या नाहीत.

अक्कांनी हातातली घडी पुरी केली. "हे तुझं सगळ्यात चांगलं झालंय बघ," त्या म्हणाल्या. "आता तू खरी गोष्ट सांगायला लागलीस."

ते अर्धं पान बाईंनी फाडून माझ्या पोटात टाकलं. मी ते जाळलं. मित्रांनो, जाळायला माझ्यावर कुणी बळजबरी केली नव्हती. ते माझ्या अंगवळणीच पडलेलं होतं.

स्टेशनवरची गोष्ट एका मासिकात छापून आली. मागोमाग पुस्तकही झालं. मालकांनी त्याची एक प्रत काउंटरवर मांडली आणि गिऱ्हाइकांना स्वतःच सांगू लागले, "आमच्या घरातून लिहिलंय." कुणी बाईंना लिहायची सवय विचारली, की त्या सांगायच्या, "निखारे फुलेपर्यंत लिहिते." हे खरं होतं. पण तेव्हापासून रोज पहिल्यांदा त्या ते अर्धं पान लिहीत, माझ्या पोटात टाकत आणि मगच गोष्टीला हात घालत, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पुढे दुकानात विजेची इस्त्री आली. मी मागच्या पडवीत गेले. माझ्या अंगावर आता गंज आहे, कडी निसटते. तरी बाई रोज सकाळी मला पेटवतात. माझ्याखाली कपडा नसतो, शेजारी फक्त वही असते.

मित्रांनो, माझा गंज घासा, मुठीला तेल लावा, असं मी सांगणार नाही. मी जाळलेली पानं मला पाठ आहेत, पण ती कुणाला वाचून दाखवता मला येत नाही. तुम्हाला येतं. कुणासाठी लिहिलेलं पान तुमच्याकडे राहिलं असेल, तर ते माणूस ऐकतंय तोवर वाचून दाखवा.

अक्का गेल्या त्या सासरी गेलेल्या लेकीला दुसरं मूल झालं त्या वर्षी, मंगळवारी सकाळी, स्टुलावर बसल्या बसल्या, मांडीवर टॉवेलची घडी घेऊन. तो डाग आपल्याच हातून पडला, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.