खिडकीपुढे कोण उभं राहणार?

“आमची प्रवेशपरीक्षा फार छान गेली,” बाबांनी कॉलेजच्या खिडकीतल्या कारकूनबाईंना सांगितलं. “आम्हाला संगणकशास्त्र घ्यायचंय.”

परीक्षा काही बाबांनी दिली नव्हती. जिने दिली ती त्यांच्या मागे अंग चोरून उभी होती. वय अठरा, घरात अजूनही छकुलीच. बाबा मोठे मायेचे. रजा काढून आले होते; प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती, जादा पेन, पाण्याची बाटली, सगळं त्यांच्याच पिशवीत. अर्जही त्यांनीच आपल्या वळणदार अक्षरात भरलेला. आपण तरी घरोघरी वेगळं काय करतो? बालवाडीपासून ‘आमचा अभ्यास’, ‘आमचे मार्क’!

छकुलीच्या मनात मात्र भूगर्भशास्त्र होतं. वाटेत वेगळा दगड दिसला की ती वाकलीच म्हणून समजा. पण घरी बोलायची हिंमत झाली नव्हती. आज शेवटचा दिवस, खिडकी पाचला बंद होणार, आणि अर्जावर एकदा शिक्का बसला की विषय बदलता येत नव्हता.

बाईंनी शिक्का उचलला आणि तसाच हातात धरून विचारलं, “आम्हाला म्हणजे कुणाला? वर्गात दोघं बसणार का?”

रांगेत खसखस पिकली. बाबांचा चेहरा उतरला. ती लहान आहे, तिला काय कळतंय, असं ते पुटपुटले.

बाई हसल्या नाहीत. “अहो, मीही हेच करत आले. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. मुलाखतीला कुठला शर्ट घालू, हे फोन करून मला विचारतो. दोष त्याचा नाही, माझा आहे. मुलांच्या पाठीशी जरूर उभं राहावं. तुम्ही तर तिच्या पुढ्यात उभे आहात. मला ती दिसतसुद्धा नाही.”

मग त्यांनी कोरा अर्ज सरकवला. “तू गं, पुढे ये. हा तुझा तू भर. अजून अर्धा तास आहे.”

पहिला अर्ज खाडाखोडीत वाया गेला. दुसरा मागणं छकुलीच्या जिवावर आलं, पण तिने मागितला. पलीकडच्या बाकावर बसलेले बाबा दोनदा उठले आणि दोनदा परत बसले.

अर्ज भरून ती आधी त्यांच्याकडे गेली. “बाबा, मला भूगर्भशास्त्र शिकायचंय.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“घाबरत होते. आणि तुम्ही ठरवलंत की मला बरंच वाटायचं. चुकलं तर माझ्या अंगाशी येत नव्हतं.”

मग ती बोलतच सुटली. डोंगर कसे झिजतात, गोटे गोल का होतात, सगळं. यात पोटापाण्याचं कसं होणार ते मला कळत नाही, असं बाबांनी खरं तेच सांगितलं. मलाही पुरतं ठाऊक नाही, पण चौकशी मीच करीन, असं ती म्हणाली. बाबांनी अर्ज वाचून एक चूक दाखवली. दुरुस्त तिनेच केली. रांगेत या वेळी ते तिच्या मागे उभे राहिले.

शिक्का बसला! छकुलीचे डोळे भरून आले. तिने बाईंचे मनापासून आभार मानले. “आज तुम्ही मला माझी मुलगी दाखवलीत,” बाबा त्यांना म्हणाले.

कॉलेजात पहिलं पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींनो, आईबाबांचे उपकार कधी विसरू नका, पण त्यांच्या आडोशाला लपूही नका. आपलं म्हणणं आपल्याच तोंडाने सांगा. आणि पालकहो, आपण थोडं मागे सरूया. मुलं किती मोठी झाली आहेत, ते तिथूनच नीट दिसतं.