बोटांना ठाऊक असलेला पासवर्ड

तिने ‘इन्स्टॉल’वर पुन्हा क्लिक केलं आणि पडद्यावर तीच पाटी आली: या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही.

“बघा, माझ्याच घरात मला मज्जाव,” ती म्हणाली.

खिडकीशी बसलेला नवरा हसला नाही. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात मांडीवरच्या उशीवर पडून असायचा. फिजिओथेरपीच्या बाईंनी त्या हातासाठी फुगे फोडायचा गेम दिला होता आणि जाताना दारात तिला बजावलं होतं, आता या हाताला कामाला लावलं नाही, तर तो काम कायमचं विसरेल.

कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून गेम बसवायचा तो घरच्या नेटवर्क ड्राइव्हवर, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या सामायिक साठ्यावर. आणि तो ड्राइव्ह म्हणजे नवऱ्याचं राज्य. आयुष्यभर एका मोठ्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळलेला माणूस. कुणी काय उघडायचं, हे त्याने एकदा ठरवलं की ती काळ्या दगडावरची रेघ. घरातही सगळ्यांनी फोटो बघावेत, गाणी ऐकावीत, पण ड्राइव्हवर स्वतःचं काही ठेवायची सोय नाही. चारचौघांत ती या कडकपणाची थट्टा करायची. मनातून मात्र तिला त्याचा भारी अभिमान होता.

“ड्राइव्हची परवानगी वेगळी, आतल्या फोल्डरची वेगळी,” तो म्हणाला. “दोन्ही बदलाव्या लागतील. माझ्या खात्यातून.”

“मग सांगा पासवर्ड.”

त्याने डाव्या हाताची बोटं मांडीवर टाइप केल्यासारखी हलवून बघितली.

“सांगता नाही येणार. इतकी वर्षं नुसता टाइप केलाय. बोटांनाच ठाऊक.”

“दोन्ही हातांच्या?”

“दोन्ही. आणि तीनदा चुकला की दिवसभर बंद. मीच तसं करून ठेवलंय.”

“वा. चोख बंदोबस्त.”

तिने कीबोर्ड त्याच्यापुढे आणला, उजवा हात उचलून त्यावर ठेवला. पहिल्यांदा करंगळी घसरली. दुसऱ्यांदा डावा हात भराभर पुढे गेला आणि उजवा मागे राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला. ती सावरायला पुढे झाली, तशी त्याने मान हलवली.

“तू तिकडे तोंड कर.”

“का?”

“पासवर्ड आहे.”

तिला हसू आलं, डोळेही भरले. ती पाठ करून उभी राहिली. मागून आधी डाव्या हाताची टकटक आली. मग काहीच नाही. मग एक अक्षर. बऱ्याच वेळाने आणखी एक.

ती वळली तेव्हा खातं उघडलं होतं. त्याचा उजवा हात माउसवर होता आणि तो अडखळत, पण कुणाला न विचारता, परवानग्या बदलत होता.

“फक्त या एकाच फोल्डरची देतोय हं,” तो म्हणाला.

गेम बसत असतानाच फिजिओथेरपीच्या बाईंचा फोन आला.

“काय, खेळले का? हाताचा सराव झाला?”

“गेम अजून उघडलाही नाही,” तिने त्याला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. “सराव झाला.”