पाणी जातं कुठे

गाडी तापत नाही, कोणीतरी तापवतं, असं वहिनींचं ठाम मत झालं होतं. कोण, हेही त्यांना ठाऊक होतं. फक्त पुरावा हाती लागत नव्हता.

घरात भाड्याने फिरवायची एकच टॅक्सी आणि तिच्यावर तिघांचं पोट. दादा शिडीवरून पडले आणि कंबर धरून आतल्या खोलीतल्या पलंगावर कायमचे आडवे झाले. तेव्हापासून दुपारपर्यंत गाडी त्यांची बायको चालवायची आणि दुपारनंतर त्यांचा धाकटा भाऊ. भाऊ तिला वहिनी म्हणायचा, म्हणून सगळा स्टँड तिला वहिनी म्हणायला लागला. पण हल्ली भाऊजींच्या तोंडून ती हाक आली की वहिनींच्या कपाळाला आठी पडायची.

सकाळी दवाखान्याचा चढ लागला की काटा लाल रेघेकडे सरकायचा. मग वहिनी भर उन्हात हीटर लावायच्या. त्याने इंजिनाची उष्णता आत येते आणि काटा खाली उतरतो, पण बसलेली माणसं भाजून निघतात. "अगं बाई, दवाखान्यात नेतेस की इथेच शिजवतेस?" असं एका आजीबाईंनी विचारलंही होतं. इंजिन गार झाल्यावर पाण्याची टाकी उघडावी, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, खाली गेलेलं. जमिनीवर थेंब नाही, पाइपाला ओल नाही. मग जातं कुठे?

"मी काही म्हणत नाही," दादा पलंगावरून म्हणाले होते. "पण गाडी तुझ्याच हातात तापते, त्याच्या हातात नाही. कोणी काढून घेत असेल तर? तू आपली बाटली ठेव आणि गुपचूप भरत जा. त्याला मात्र विचारू नकोस हं."

मी काही म्हणत नाही, असं म्हणणारा माणूस सगळं म्हणून मोकळा झालेला असतो. वहिनींनी हिरव्या कूलंटची बाटली आणून सीटखाली दडवली. भाऊजी संध्याकाळच्या गारव्यात सपाट रस्त्यांवर फिरतात, तिथे गाडी तापेल कशाला, हे एरवी त्यांच्या लगेच ध्यानात आलं असतं. पण संशयाने डोळ्यांवर झापड आणली होती. भाऊजींनी बॉनेट पुसलं तरी त्यांना वाटायचं, बोटांचे ठसे पुसतोय.

आणि एके सकाळी टाकीतलं पाणी तपकिरी दिसलं. वहिनींनी बोट बुडवलं, तर चिकट. चिखल घातलाय मेल्याने! माझ्या हातात इंजिन बसलं, की म्हणणार, बायकांच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं. मग मी घरी आणि गाडी याची एकट्याची. वहिनींचा त्या स्टिअरिंगवर जीव जडला होता. ते सुटलं, तर आपण पुन्हा कोणाच्या तरी हाताकडे बघत बसू, याची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

दुपारी भाऊजी स्टँडवर गाडी घ्यायला आले, तेव्हा वहिनींनी चारचौघांत त्यांची खरडपट्टी काढली. "मीठ खाता ते तरी आठवा! इंजिनात चिखल घालता?" भाऊजी आधी हसले, मग चेहरा पडला, आणि शेवटी काही न बोलता चालायला लागले. बोलत नाही म्हणजे चोर तोच, असं समजून वहिनी गाडी घेऊन गॅरेजात गेल्या.

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो बॉनेटला कान लावून रोग सांगायचा. त्याने कान लावला आणि थर्मोस्टॅट अडकलाय म्हणाला. नवा बसवला, गाडी चढावर नेली, काटा पुन्हा लाल रेघेला. मग म्हणाला, हेड गॅस्केट गेलं असणार, इंजिन खोलावं लागेल.

"तुम्हाला कोणी पढवलंय का?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टरच्या वर्मी लागलं. त्याने तणतणत रेडिएटर खाली उतरवला आणि त्याचं झाकण उजेडात धरलं. झाकणाचं रबर चिरलेलं होतं. "हे दाबच धरत नाही, ताई. चढावर उकळतं आणि वाफ होऊन उडून जातं. थेंब पडणार कुठून?" रेडिएटरच्या नळ्यांतून त्याने तारेने तपकिरी साका ओढला. "आणि हा चिखल नाही. न जुळणारी दोन कूलंट एकत्र केली की असा साका धरतो. नळ्या तुंबल्यात."

"मी फक्त हिरवं घालते."

डॉक्टरने डिकी धुंडाळली. स्टेपनीच्या मागून बाटली निघाली, अर्धी संपलेली. आतलं कूलंट लाल होतं.

वहिनी रिक्षाने घरी निघाल्या तेव्हा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती, की रिक्षावाल्याशीही बोलवेना. घरी भाऊजी पिशवीत कपडे कोंबत होते.

"लाल बाटली तुमची?"

"माझी. तुम्ही पाणी बघत नाही असं कळलं, म्हणून मी भरत होतो."

"मग मला सांगायचं ना, भाऊजी!"

"बोलू नकोस, तिला लागेल, असं म्हणाला दादा."

वहिनींनी पिशवीवर हात ठेवला. "मी पाणी बघत नाही, हेही त्यांनीच सांगितलं?"

"मग आणखी कोण सांगणार?"

"आणि मला म्हणाले, कोणीतरी पाणी काढून घेतंय."

दोघं आत गेली. दादांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चादरीचा काठ चिमटीत धरला.

"तुम्ही दोघं घरी आलात की रस्त्यांबद्दल, गिऱ्हाइकांबद्दल हसत बोलायचात," ते म्हणाले. "मी काही विचारलं की म्हणायचात, आराम करा. एकमेकांवर फुगलात, तेव्हा मात्र दोघं वेगवेगळे येऊन माझ्याजवळ बसायला लागलात. गाऱ्हाणी का होईना, मला सांगत होतात."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यात वाईट म्हणजे, हे खोटं आहे असं म्हणायची सोय नव्हती. गेल्या कित्येक दिवसांत त्या नवऱ्याजवळ बसल्या होत्या, त्या फक्त दिराच्या चहाड्या करायला.

"भाऊजी, स्टँडवर बोलले ते उद्या स्टँडवरच मागे घेईन. पिशवी रिकामी करा," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही! रेडिएटर डॉक्टर धुवून देईल. पण यापुढे तुम्ही मला काहीही सांगितलंत, तरी मी आधी भाऊजींना विचारणार."

दादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्याची त्यांना धास्ती होती, तेच झालं होतं: ती दोघं पुन्हा एका बाजूला आणि ते एकटे.