सूर्यभानच्या गाडीची सळई

पैज लागली ती बन्सीधर टेलरच्या ओट्यावर. मी म्हनलो, "सूर्यभानची गाडी काय घाट चढत न्हाई. चढली तर मी लुगडं नेसतो, डोक्यावर घागर घेतो अन् हापशावरून सगळ्या गल्लीचे रांजन भरतो."

सूर्यभान खाली मान घालून बिडी वढत बसला व्हता. त्यानं मान वर केली. "अन् न्हाई चढली तर?"

"तर तू नेसायचं. सगुणावयनीचं लुगडं तुला गुडघ्याला येईल, पर चालतंय."

बन्सीधरला हसू आवरंना, त्याच्या तोंडातली सुई खाली पडली. सूर्यभान मात्र हसला न्हाई. बिडी ओट्यावर चिरडली अन् म्हनला, "मंजूर, भुजंग्या. परवा बायनाबाईच्या लेकाचं वऱ्हाड वर डोंगरात जायचंय. बन्सीधर संगं येईल, त्योच पंच."

मला तेच पायजे व्हतं. कारन आदल्या सांजंला हाच सूर्यभान माझ्या सायकलीच्या दुकानात येऊन म्हनला व्हता, "गाडी भंगारात घालतो अन् सगुणाला घिऊन निजामाबादला मेव्हण्याकडं जातो. तिथं राईस मिलवर काम हाय." अन् मेलेल्या मानसासारखा म्हनला व्हता. अशा गड्याला समजूत घालून काय उपेग न्हाई. त्याला डिवचावं लागतं.

ही गाडी म्हंजी गंगाखेडात दुसरी न्हाई अशी चीज. अमेरिकेची, आठ शिलिंडरची, लांबीला दोन बैलगाड्या. हैदराबादच्या एका गुत्तेदाराकडं सूर्यभान डायव्हर व्हता. पेट्रोल म्हाग झालं तसं गुत्तेदाराला ती झेपंना. पगार थकला व्हता, त्यात त्यानं गाडीच दिऊन टाकली. सूर्यभान ती घिऊन गावात आला तवा शाळा सुटली व्हती, सुटायचा टाईम नसून. मंग लग्नसराईत नवरदेव मिरवायला हीच गाडी. घाटात तर अशी उधळायची की मागच्या ट्रकातलं वऱ्हाड फुफाटा खात यायचं.

अन् एकाएकी काय झालं कुनाला ठावं, ती चढावर अडायला लागली. सपाटीला बरी, चढ आला की हुंदके. एकदा अडली, दोनदा अडली, तिसऱ्या येळंला नवरदेव मुंडावळ्या सावरत पायी वर गेला. परभणीच्या एका मिस्तरीनं बोनेटबी न उघडता सांगितलं, गिअरबाक्स गेला. पुढच्या वराती मोडल्या. बायनाबाई तेवढी राहिली, ती बी शेजारधर्म म्हनून.

आता ही मान्सं गेली तर माझं काय, ते सांगतो. दुष्काळात माझी बायको वारली. लोकांनी सायकली इकून खाल्ल्या, मी पंक्चर कशाचं काढू? तवा सगुणावयनी रेशनच्या मिलो जवारीची लाल भाकर करायची अन् त्यातली एक माझ्या दुकानाच्या फळीवर ठिवून जायची. एक सबूद न बोलता. मी शिमग्याला तिच्या चुलीत लवंगी फटाका ठिवला व्हता, तिचं पिठलं छपराला लागलं, तरी दुसऱ्या दिशी फळीवर भाकर व्हती. मला आई आठवत न्हाई. त्यामुळं ह्या बाईला कुठं ठिवावं मनात, ते मला आजून कळलेलं न्हाई.

पैजेच्या दुसऱ्या दिशी सूर्यभाननं लिंबाखाली गाडी लावली, बोनेट उघडलं अन् मलाच हाक मारली. "खाली घुस. मी रेसचं पायडल दाबतो, तू बघून सांग. लबाडी केली तर टकुरं फोडीन."

"मी तर तुझा दुश्मन, पैज लावलेली."

"दुसरं कोन घुसंना. घुस."

ह्या गाडीला क्लच न्हाई, गिअर आपसूक बदलतो. इंजनापासून एक सळई मागं गिअरबाक्सच्या एका दांडीपर्यंत जाती. चढावर पायडल पार तळाला दाबलं की ती सळई दांडी ढकलती, गिअर एक पायरी खाली येतो अन् गाडीत जोर येतो. हैदराबादचा मिस्तरी त्याला किकडान म्हनायचा, म्हनून सूर्यभान बी किकडान म्हनायचा. त्याला रात्री झोप न्हवती, त्यात हे सुचलं व्हतं की गिअरबाक्स न्हवं, ही सळईच हलत नसंल.

मी उताना पडून आत गेलो. वरून सूर्यभाननं पायडल दाबलं. "हालली का?"

"वाईच थरथरली."

"पार गेली पायजे. मागं टेकली पायजे."

मी हात घालून सळईवरून बोटं फिरवत वर गेलो. इंजनाच्या मागच्या अंगाला, जिथं उजेड पडत न्हाई, तिथं बोटाला गठुडं लागलं. बारीक तारंनं सळई अन् शेजारचा पाईप दोन्ही मिळून आवळलेले. तारंत बिब्बे. एक, दोन, मंग आजून. काळी बाहुली. अन् हे सगळं ज्या चिंधीत गुंडाळलेलं ती हिरव्या खणाची, लाल काठाची. ती चोळी मी वळखत व्हतो. फळीवर भाकर ठिवणाऱ्या हाताला तीच बाही असायची.

एका झटक्यात समदं कळलं. गाडी वरातींत मिरवायला लागली, गाव बघत राहिलं, वयनीला वाटलं दिष्ट लागंल. बोनेट थंड व्हायला उघडं ठिवलं असंल तवा तिनं हात घालून बिब्बा बांधला. गाडी अडली. मंग दिष्ट लागलीच म्हनून पुढच्या आवसंला दुसरा बांधला, जास्त आवळून. गाडी जास्त अडली. मंग तिसरा. बिचारी जेवढा जीव लावायची तेवढी गाडी गळा दाबल्यासारखी करायची.

मी गाडीखालून दाराकडं बघितलं. वयनी उंबऱ्यात उभी. हातातलं सूप तसंच. तिनं माझा हात कुठं हाय ते बघितलं, अन् तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"काय घावलं?" वरून सूर्यभान.

मी चिंधी वढून कोपरीच्या खिशात कोंबली अन् नुसती तार बाहेर काढली. "तार हाय. माझंच काम. गंमत केल्ती."

माझ्या गल्लीत माझ्या तोंडून हे निघालं की कुनी पुरावा मागत न्हाई. माझी तेवढी कमाई हाय.

सूर्यभान पान्हा घिऊन खाली उतरला. मला वाटलं घालतोय. पर त्यानं पान्हा बोनेटवर ठिवला. "नवरदेव पायी गेला, भुजंग्या. मी घर सोडायला निघालो. अन् तू गंमत म्हनतो."

"चुकलं."

"गाडी चढू दे. पैज भरून घेतो. मंग तू मला न्हाई अन् मी तुला न्हाई."

वयनीचं तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघून मान हलवली, न्हाई म्हनून. ती आत गेली.

मंग आमी काम केलं, तो कामापुरतंच बोलला. मला हाक मारायच्या आदी त्यानं अंदाजानं सळईचा नट फिरवून ठिवला व्हता, त्यामुळं मोकळी झाली तरी लांबी चुकलेली. त्यानं पायडल तळाला दाबून धरायचं, मी दांडी मागं टेकती का बघायचं, नट फिरवायचा. पहिल्या येळंला जास्त ताणली. गाडी बाजारात नेली तर खालच्याच गिअरात बोंबलत निघाली, कोंबड्या माळवदावर, अन् बन्सीधरनं कापलेलं कापड रस्त्यावर. परत आनली, दोन आटे ढिली केली. सळई मागं वढून घेणारी स्प्रिंग पार गंजून तुटली व्हती. मी दुकानातून सायकलीच्या स्टँडची स्प्रिंग आनून लावली. तंतोतंत बसली. सूर्यभाननं ती बोटानं वढून बघितली अन् माझ्याकडं न बघता म्हनला, "बरी हाय."

वऱ्हाडाच्या दिशी मी मागच्या ट्रकात चढलो. घाटाचं पहिलं वळन आलं. नवरदेवाच्या गाडीचा आवाज जड व्हायला लागला, तसाच, पहिल्यासारखा. बायनाबाईनं पदर तोंडात धरला. मी माझ्या मांड्या दाबून पायडल तळाला घालत व्हतो, हरावं म्हनून. मंग एकदम आतून गुरगुरल्यावानी झालं, गिअर खाली आला अन् गाडीनं अशी उडी घेतली की बन्सीधरची टोपी खिडकीतून आमच्या ट्रकावर आली. वर पोचलो तवा सूर्यभान गाडीला टेकून उभा व्हता, अन् नवरदेव उलटी करायला बसला व्हता. मला आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी वयनीनंच मला लुगडं नेसवलं, तिच्या ओट्यावर, गल्लीसमोर. निऱ्या घालता घालता हळूच म्हनली, "भावजी, माझ्या वाट्याचं तुमी कशाला घेतलं?"

"वयनी, कासोटा घट्ट खोचा. सुटला तर बन्सीधर त्याच्यावर बी पैज लावंल."

तिनं असा वढला की माझा श्वास बंद झाला. डोळे पुसत व्हती का हसत व्हती, मला मागं वळून बघता आलं न्हाई.

हापशावर आख्खं गंगाखेड. एस्टीची वाट बघणारी मान्सं बी एस्टी सोडून आली. कुनी शिट्टी मारायचं, कुनी विचारायचं, "बाई, मालक काय करत्यात?" मी म्हनायचो, "पंक्चर काढत्यात, पर घरी लक्ष न्हाई." पहिला रांजन बायनाबाईचा भरला. तिसऱ्या खेपंला सूर्यभानच्या दारात आलो. तो उंबऱ्यात उभा, मिशीला पीळ घालत. मी घागर उतरवायला वाकलो तसं त्यानं दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावरची घागर उचलून घेतली.

"रात्री सगुणानं सांगितलं," तो म्हनला. लई हळू, फक्त मला आयकू येईल असं.

"काय सांगितलं?"

"गप. मानवतच्या दोन वराती आल्यात. सळई दर खेपंला बघायची म्हनतो. खाली तू घुसायचं."

"अन् निजामाबाद?"

त्यानं घागर रांजनात वतली, रिकामी करून पुन्हा माझ्या डोक्यावर ठिवली अन् गल्लीला आयकू जाईल असं वरडला, "ए बाई, रांजन आजून अर्धाच हाय. चल, बिगी बिगी."

मी पदर सावरला अन् हापशाकडं निघालो. पलीकडं बन्सीधर दारात उभा राहून येनाऱ्या जानाऱ्याला त्याचा रिकामा रांजन दाखवत व्हता.