पाचव्या प्रयोगशाळेचं उत्तर

एकाच पॉलिमरची भुकटी पुण्यातल्या पाच प्रयोगशाळांना वाटली होती. ती द्रावकात विरघळवायची, यंत्राच्या नळीतून सोडायची आणि रेणूंच्या साखळ्या किती लांब आहेत ते मोजायचं. पाचही ठिकाणी उत्तर सारखं आलं की पद्धत प्रमाण ठरणार होती. चौघांचं जुळलं. येरवड्याच्या उत्कर्षाच्या साखळ्या मात्र फारच आखूड निघाल्या.

“त्यांना वगळू या,” पद्धत लिहिणारे आणि त्या चौघांपैकीच एक असलेले वर्तक बैठकीत म्हणाले. “नव्या माणसांना आधी भांडी धुवायला शिकवावं.”

उत्कर्षाने आपल्या नोंदींची वही पुढे ओढली. नोकरीतलं हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम होतं.

“विरघळवलंस कसं गं?” अध्यक्ष सरोजिनीबाईंनी विचारलं.

“सॉनिकेटरमध्ये ठेवलं, मॅडम. लवकर होतं म्हणून.”

“त्याच्या हादऱ्यांनी लांब साखळ्या तुटतात. नुसतं रात्रभर ठेवायचं असतं.”

“म्हणजे चूक त्यांचीच,” वर्तक म्हणाले.

“पद्धतीत काय लिहिलंय, वर्तक?”

त्यांनी कागद पाहिला. “‘पूर्ण विरघळवून घ्यावे.’ बाकीचं सगळ्यांना माहीत असतं.”

“सगळ्यांना माहीत असतं, तर आपण पद्धत लिहितोय कशाला?” बाईंनी लॅपटॉप उत्कर्षापुढे सरकवला. “ते वाक्य आता तू लिही. मग पाचही जणांना नवी भुकटी पाठवू.”

“अहो, पण आमचं जुळलंय!” वर्तक म्हणाले.

“मग पुन्हा जुळेल. घाबरताय कशाला?”

उत्कर्षाने पहिला शब्द टाइप केला, खोडला आणि नीट बसून पुन्हा लिहायला लागली.